लुगडे आणि पायमोजे

कोल्हापुरात भाऊसिंगजी रस्त्यावर छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयाची जुनी दगडी इमारत उभी आहे. गावोगावचे रोगी तेथे येतात, बरे होतात आणि परत जातात. या रुग्णालयाचे पूर्वीचे नाव ‘आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटल’ असे होते. इ. स. १८८६ मध्ये तेथील स्त्रियांच्या विभागाची व्यवस्था पाहण्यासाठी कोल्हापूर संस्थानाने एका तरुण स्त्री-डॉक्टरची नेमणूक केली. त्या डॉक्टरचे वय अवघे एकवीस वर्षांचे होते. विशेष म्हणजे याच कोल्हापूर शहरात आठ वर्षांपूर्वी ती एक शिकू पाहणारी अल्पवयीन विवाहिता म्हणून राहून गेली होती. तिचे नाव आनंदीबाई जोशी.

आनंदीबाईंचा जन्म ३१ मार्च १८६५ रोजी झाला. माहेर कल्याणचे आणि माहेरचे नाव यमुना. वयाच्या नवव्या वर्षी त्यांचा विवाह गोपाळराव जोशी यांच्याशी झाला. गोपाळराव टपालखात्यात नोकरीस होते. स्त्रियांनी शिकले पाहिजे, या एका विचाराने त्यांना झपाटले होते. त्या काळी मुलींच्या हाती पाटी-पुस्तक देणे म्हणजे घरावर संकट ओढवून घेणे, असे पुष्कळांना वाटे. परंतु गोपाळरावांनी लोकापवादाची पर्वा केली नाही. त्यांची बदली होईल त्या गावी आनंदीबाई जात आणि तेथे त्यांचा अभ्यास चाले.

इ. स. १८७८ मध्ये हे दांपत्य कोल्हापुरास होते. आनंदीबाई तेव्हा तेरा वर्षांच्या, म्हणजे जवळजवळ तुमच्याच वयाच्या होत्या. त्यांना अमेरिकेत नेऊन उत्तम शिक्षण द्यावे, असे गोपाळरावांच्या मनाने घेतले. त्यांनी ४ सप्टेंबर १८७८ रोजी कोल्हापुराहून वाइल्डर नावाच्या अमेरिकन मिशनऱ्यांस पत्र लिहून साहाय्य मागितले. उत्तर आले ते धर्मांतराचा उपदेश करणारे. गोपाळरावांना ते मान्य होण्यासारखे नव्हते आणि प्रकरण तेथेच थांबले. मात्र वाइल्डरसाहेबांनी हा पत्रव्यवहार आपल्या मासिकात छापला होता. पुढे १८८० मध्ये न्यू जर्सी प्रांतातील रोझेल गावच्या श्रीमती कार्पेंटर दंतवैद्याकडे आपली पाळी येण्याची वाट पाहत बसल्या असता ते मासिक त्यांच्या हाती पडले. दूरदेशीच्या त्या शिकू इच्छिणाऱ्या मुलीविषयी त्यांच्या मनात करुणा उपजली आणि त्यांनी आपण होऊन पत्र धाडले. त्या पत्रातून दोघींचा जन्माचा स्नेह जडला. आनंदीबाई त्यांना ‘मावशी’ म्हणू लागल्या.

मधल्या काळात गोपाळरावांची बदली मुंबईस झाली आणि आनंदीबाई तेथील मिशनच्या शाळेत जाऊ लागल्या. हातात पुस्तके, अंगावर लुगडे आणि पायांत बूट व पायमोजे, असा त्यांचा वेष असे. एका ब्राह्मण सुनेने भररस्त्याने शाळेस जावे, आणि तेही पायांत बूट-मोजे घालून, हे दृश्य लोकांना सहन होईना. येणारे-जाणारे थांबत आणि त्यांच्याभोवती घोळका करून मोठमोठ्याने हसत. चांगले सभ्य म्हणविणारे गृहस्थ आपल्या ओटीवर बसून टवाळी करीत. कोणी अंगावर खडे भिरकावण्यासही मागेपुढे पाहत नसत. दुकानदार आणि फेरीवाले त्यांना पाहून थुंकत. शाळा ते घर एवढ्याच वाटेवर त्या मुलीला रोज केवढे धैर्य एकवटावे लागत असेल!

या काळात त्यांच्यावर आणखी एक आघात झाला. वयाच्या चौदाव्या वर्षी त्यांना मुलगा झाला आणि तो दहाच दिवसांत दगावला. वेळीच योग्य वैद्यकीय साहाय्य मिळाले असते तर बाळ वाचले असते, असे त्यांना वाटले. परक्या पुरुष वैद्यास प्रकृती दाखविण्याचा संकोच वाटत असल्यामुळे कितीतरी स्त्रिया आजार अंगावर काढतात, हेही त्यांना दिसत होते. आपण डॉक्टर व्हावयाचे, असा त्यांनी निश्चय केला.

पुढे गोपाळरावांची बदली बंगालमध्ये झाली. तेथे खडे बंद झाले; पण प्रश्न सुरू झाले. कलकत्त्याच्या रस्त्यावर अनोळखी माणसे त्यांना विचारीत, तुम्ही कोण, तुमची जात कोणती, राहता कोठे आणि चालला कोठे? वाटेने चाललेल्या स्त्रीस परक्याने असे प्रश्न करणे हाही एक अपमानच होता.

अमेरिकेस जाण्याचा बेत प्रसिद्ध होताच चहूकडून टीकेचा भडिमार झाला. तेव्हा आनंदीबाईंनी लोकांपुढे उभे राहून उत्तर देण्याचे ठरविले. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूर येथील महाविद्यालयाच्या सभागृहात त्यांनी इंग्रजीत भाषण केले. त्यांना अद्याप अठरा वर्षेही पूर्ण झाली नव्हती. मुंबईच्या रस्त्यावर काय सोसावे लागले, हे त्यांनी कसलाही आक्रस्ताळेपणा न करता सांगितले. हिंदुस्थानात स्त्री-डॉक्टरांची किती गरज आहे, ते पटवून दिले. आणि शेवटी आपला निर्धार प्रकट केला, की मी हिंदू म्हणून जाईन व हिंदू म्हणूनच परत येईन. माझे आचार, माझे अन्न आणि माझा पोशाख मी बदलणार नाही.

ज्या मुलीला बूट-मोजे घातले म्हणून लोक हसले, तिनेच लुगडे न सोडण्याची प्रतिज्ञा करावी, यात वरवर पाहणाऱ्यास विसंगती वाटेल; परंतु ती तशी नाही. आपल्याला सोयीचे आणि उचित वाटेल ते वस्त्र आपण घालावे, दुसऱ्याच्या हसण्याने ते उतरवू नये, हेच तत्त्व दोन्ही ठिकाणी होते.

७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून आगबोट निघाली. गोपाळराव सोबत नव्हते. ४ जून रोजी आनंदीबाई न्यूयॉर्कच्या धक्क्यावर उतरल्या, तेव्हा श्रीमती कार्पेंटर त्यांना नेण्यास आल्या होत्या. शरद ऋतूत फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात त्यांचा प्रवेश झाला. तेथील प्राचार्या रेचेल बॉडली यांनी त्यांना मायेने वागविले. त्या शहरात लुगडे नेसलेली विद्यार्थिनी हा मोठाच कुतूहलाचा विषय होता. आता हसणारे लोक निराळे होते आणि वळून पाहण्याचे कारणही निराळे होते. मुंबईत त्यांच्या अंगावरचे परदेशी ते लोकांना खुपले. येथे त्यांचे स्वदेशी ते लोकांना नवल वाटे.

परंतु लोकांच्या नजरांहून कठीण अशी एक परीक्षा तेथे होती. ती म्हणजे थंडी. फिलाडेल्फियाच्या हिवाळ्यात बर्फ पडते. नऊवारी लुगडे कासोटा घालून नेसले की पोटऱ्या उघड्या राहतात. आनंदीबाईंनी विचार केला आणि गुजराथी पद्धतीने पायघोळ नेसण्यास सुरुवात केली. साडी सोडली नाही. मात्र नेसण्याची रीत बदलली. प्रतिज्ञेचा गाभा कोणता आणि टरफल कोणते, हे ओळखण्याचा विवेक त्यांच्यापाशी होता. तरीही बोल चुकले नाहीत. वेषाविषयीच्या कडक शब्दांची पत्रे खुद्द पतीकडूनही येत आणि ती वाचून त्यांना दुःख होई. घराबाहेरच्याने हसावे आणि घरच्याने शंका घ्यावी, अशा स्थितीतही त्यांनी अभ्यासात खंड पडू दिला नाही.

त्या महाविद्यालयातील एक छायाचित्र आजही उपलब्ध आहे. ते १० ऑक्टोबर १८८५ चे आहे. त्यात तीन विद्यार्थिनी शेजारी बसलेल्या दिसतात. साडी नेसलेल्या आनंदीबाई, जपानी किमोनो परिधान केलेल्या केई ओकामी आणि आपल्या देशीच्या वेषातील सीरियाच्या सबात इस्लामबुली. तिघींची भाषा वेगळी, धर्म वेगळा, वस्त्रे वेगळी. विद्या मात्र एकच. पुढे तिघीही डॉक्टर झाल्या. शरीरातील अस्थी आणि नाड्या शिकण्यास अंगावरचा पोशाख कोणालाच आडवा आला नाही.

पोशाखावरून माणसाला हिणविण्याची खोड केवळ आपल्याच देशात आहे असे नाही. स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखातील पुरुष चौकड्यांच्या लोकरी कापडाचे, गुडघ्यापर्यंत येणारे, चुण्यांचे वस्त्र कमरेभोवती नेसतात. त्यास ‘किल्ट’ म्हणतात. १७४५ मध्ये तेथील लोकांनी राजसत्तेविरुद्ध उठाव केला. पुढील वर्षी कलोडनच्या लढाईत त्यांचा पराभव झाला आणि त्यांचा हा पोशाखच कायद्याने बंद करण्यात आला. सैन्यातील शिपायांना तेवढी मोकळीक होती. इतर पुरुषाने तो नेसल्यास पहिल्या अपराधास सहा महिने कैद आणि दुसऱ्या अपराधास सात वर्षे समुद्रापार हद्दपारी, अशी शिक्षा होती. १७८२ मध्ये हा कायदा रद्द झाला. आज स्कॉटिश माणूस लग्नकार्यात आणि उत्सवात किल्ट अभिमानाने नेसतो. तरीही परमुलखात त्याला पाहून ‘हा घागरा कसला?’ असे हिणविणारे लोक भेटतातच. कायद्याने घातलेली बंदी कायद्याने उठविता येते. पण लोकांच्या कुचेष्टेवर कोणत्याही कायदेमंडळाचा इलाज चालत नाही. तो इलाज ज्याचा त्यानेच करावयाचा असतो.

११ मार्च १८८६ रोजी आनंदीबाईंना वैद्यकशास्त्राची पदवी मिळाली. त्या समारंभास पंडिता रमाबाई उपस्थित होत्या. पाश्चात्त्य वैद्यकातील पदवी मिळविणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्रियांत आनंदीबाईंची गणना होते. त्याच वर्षी कोल्हापूरच्या नेमणुकीचे पत्र त्यांना मिळाले. परंतु अतिश्रमाने खंगलेल्या त्यांच्या शरीरात क्षयाने ठाण मांडले होते. नोव्हेंबरमध्ये त्या मुंबईस उतरल्या, तेव्हा ज्या शहराने एके काळी खडे मारले होते, त्याच शहरातील लोक त्यांचे स्वागत करण्यास आले. पण हा आनंद अल्पकाळच टिकला. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यास त्यांचे निधन झाले. वयाची बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती. कोल्हापूरच्या रुग्णालयात त्यांच्यासाठी राखलेली जागा त्यांच्याविना राहिली.

त्यांच्या अस्थी श्रीमती कार्पेंटर यांच्याकडे अमेरिकेस पाठविण्यात आल्या. न्यूयॉर्क राज्यातील पोकिप्सी गावच्या स्मशानभूमीत, कार्पेंटर कुटुंबाच्या जागेत, त्या विसावल्या आहेत. परदेशात ज्यांनी आपले लुगडे सोडले नाही, त्यांना परदेशातील एका कुटुंबाने आपल्या माणसांच्या शेजारी कायमची जागा दिली. ज्यांनी त्यांना जवळ केले, त्यांनी वस्त्र पाहिले नाही, माणूस पाहिला.

मुंबईच्या रस्त्यावर खडे मारणारे कोण होते? ते दरोडेखोर नव्हते. ते घरी मुलाबाळांवर माया करणारे, देवाला फूल वाहणारे, तुमच्याआमच्यासारखेच साधे लोक होते. एकाने हसावयास सुरुवात केली, दुसरा त्यात मिळाला, आणि बघता बघता त्यांचा जमाव झाला. आपण तेरा वर्षांच्या अथवा चौदा वर्षांच्या मुलीला दुखवीत आहोत, असे त्यांच्यापैकी कोणाच्या मनातही आले नसेल. आज रंकाळ्याच्या काठी किंवा अंबाबाईच्या देवळाजवळ दूरदेशीचा एखादा प्रवासी वेगळ्या वेषात दिसतो. वर्गात परप्रांतातून आलेला एखादा मुलगा निराळी टोपी घालून येतो. खेड्यातली आजी नऊवारी नेसून शहरातल्या मोठ्या दुकानात शिरते. त्या वेळी आपल्या ओठांवर जे हसू येते, ते स्वागताचे आहे की कुचेष्टेचे, हे ज्याने त्याने स्वतःशी तपासून पाहावे. जमावात पहिला हसणारा होणे फार सोपे असते. न हसता बाजूस होऊन वाट मोकळी करून देणारा एखादाच असतो. आणि वाटेने जाणाऱ्याला तोच पुढे आयुष्यभर आठवतो.

स्वाध्याय

१. एका-एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) आनंदीबाईंना कोल्हापूरच्या कोणत्या रुग्णालयात नेमण्यात आले होते?
(आ) श्रीमती कार्पेंटर यांना आनंदीबाईंची माहिती कशी मिळाली?
(इ) १० ऑक्टोबर १८८५ च्या छायाचित्रात आनंदीबाईंबरोबर कोण आहेत?

२. कारणे द्या.
(अ) आनंदीबाईंनी डॉक्टर होण्याचा निश्चय केला.
(आ) फिलाडेल्फियात त्यांनी साडी नेसण्याची रीत बदलली.

३. ‘प्रतिज्ञेचा गाभा कोणता आणि टरफल कोणते, हे ओळखण्याचा विवेक त्यांच्यापाशी होता.’ या वाक्याचा अर्थ आपल्या शब्दांत स्पष्ट करा.

४. पुढील शब्दप्रयोगांचा वाक्यांत उपयोग करा : मागेपुढे न पाहणे, ठाण मांडणे, आजार अंगावर काढणे, खंड पडू न देणे.

५. तुमच्या घरातील वडीलधाऱ्या माणसांना त्यांच्या लहानपणीच्या पोशाखाविषयी विचारा व मिळालेली माहिती दहा ओळींत लिहा.