मागे उभा राहणारा

नागपूरच्या इतवारीत सायंकाळ झाली, की एखाद्या बोळात मुलांचा फुटबॉल सुरू होतो. गडी वाटून घेताना जो तो म्हणतो, "मी पुढे खेळणार!" मागे राहण्यास कोणीच राजी नसतो. गोल करणाऱ्याचा जयजयकार होतो. गोल अडविणाऱ्याकडे कोण पाहतो? अशा मुलांना फोर्तुनातो फ्रँको यांची हकीकत सांगावीशी वाटते.

फ्रँको यांचा जन्म गोव्यातील कोलवाळ या गावी झाला. बालपण मात्र मुंबईत गेले. पुढे ते मुंबईच्या टाटा संघाकडून खेळू लागले. त्यांची जागा हाफबॅकची. हाफबॅक म्हणजे आघाडी आणि बचाव यांना जोडणारा दुवा. शत्रुपक्षाची चढाई त्याने प्रथम थोपवावयाची आणि हिसकावलेला चेंडू पुढच्या गड्याकडे बिनचूक धाडावयाचा. काम कष्टाचे; पण गोलफलकावर त्याची नोंद होत नाही.

१९६० साली रोमच्या ऑलिंपिकसाठी फ्रँको यांची भारतीय संघात निवड झाली. परंतु तेथे एकाही सामन्यात त्यांना मैदानावर उतरावयास मिळाले नाही. तरीही त्यांनी सराव सोडला नाही.

१९६२ साली जाकार्ता येथे आशियाई क्रीडास्पर्धा भरल्या. भारताचे शिक्षक सय्यद अब्दुल रहीम हे होते. पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाने भारताला २-० असे हरविले. पुढे थायलंडविरुद्ध खेळताना बचावपटू जर्नेलसिंग यांच्या डोक्यास जखम होऊन टाके पडले. तरीही ते उपान्त्य सामन्यात उतरले, आणि तेही बचावाची जागा सोडून आघाडीवर!

४ सप्टेंबर रोजी अंतिम सामन्यात पुन्हा दक्षिण कोरियाशीच गाठ पडली. अफाट प्रेक्षकसमुदाय भारताच्या विरुद्ध ओरडत होता. प्रदीपकुमार बॅनर्जी यांनी पहिला गोल केला. थोड्याच वेळात भारताला फ्री किक मिळाली. फ्रँको यांनी चेंडू नेमका धाडला आणि जर्नेलसिंग यांनी दुसरा गोल केला! अखेरीस कोरियाने एक गोल फेडला. पण भारताची बचावफळी ढळली नाही. भारताने २-१ असा विजय मिळवून सुवर्णपदक जिंकले.

गोल करणारांत फ्रँको यांचे नाव नाही. पुढे गुडघ्याच्या दुखापतीने त्यांचा खेळ अकाली थांबला. १० मे २०२१ रोजी ते निवर्तले.

इतवारीच्या धान्यबाजारात पोत्यांची थप्पी रचतात. वरचे पोते सर्वांच्या नजरेत भरते. भार मात्र तळचे पोते वाहते. मुलांनो, उद्या गडी वाटताना तुमच्यापैकी एकाने तरी आपण होऊन म्हणावे, "मी मागे उभा राहतो."

स्वाध्याय
१. हाफबॅकचे काम कोणते?
२. फ्रँको यांनी गोल केला नाही. तरी विजयात त्यांचा वाटा कोणता?
३. तुमच्या घरी 'तळचे पोते' कोण आहे? पाच वाक्ये लिहा.