संगणकाचा मॉनिटर : नवा घ्यावा की दुरुस्त केलेला?

(इयत्ता सातवी : व्यवहारी गणित व सामान्य विज्ञान यांचा जोडपाठ)

प्रास्ताविक

खडू, फळा, नकाशे, बाके यांची खरेदी करताना मुख्याध्यापकास वर्षानुवर्षांच्या अनुभवाचा आधार असतो. संगणकाच्या सामानाविषयी तसा आधार पुष्कळ शाळांत अद्याप नाही. मॉनिटर बंद पडतो, मुलांचे काम अडते आणि शाळा व्यवस्थापन समितीपुढे दोन दरपत्रके येतात. एक नव्या मॉनिटरचे, दुसरे निम्म्याहून कमी किमतीच्या दुरुस्त केलेल्या मॉनिटरचे. पैसा बहुधा लोकवर्गणीचा असतो. अशा वेळी 'स्वस्त ते घ्यावे' किंवा 'नवे ते उत्तम' या दोन ठरीव उत्तरांपैकी एक देऊन सभा संपते. ही दोन्ही उत्तरे विचाराचे श्रम टाळणारी आहेत. हाच प्रश्न वर्गात नेल्यास मुलांस भागाकार, विजेचा हिशेब आणि वस्तूची पारख यांचे एकत्र शिक्षण मिळते व समितीसही त्यांच्या हिशेबाचा उपयोग होतो.

पाठाचे उद्देश

१. वस्तूची किंमत व तिचा वार्षिक खर्च यांतील भेद मुलांस समजावा.
२. मॉनिटरचे कोणते भाग झिजतात, हे कळावे.
३. विक्रेत्याचा शब्द व प्रत्यक्ष तपासणी यांतील अंतर मुलांनी स्वतः अनुभवावे.

साहित्य : शाळेतील चालू मॉनिटर, दोन दरपत्रके, विजेचे एक बिल.

विषयप्रवेश

शिक्षकाने प्रथम सायकलीचा दाखला घ्यावा. "जुनी सायकल घेताना काय पाहाल?" असे विचारताच चाक फिरवून पाहू, ब्रेक दाबू, साखळी पाहू, चिमटा वाकला आहे का ते पाहू, अशी उत्तरे भराभर येतील. ती फळ्यावर लिहावीत. मग विचारावे, "मॉनिटरला फिरवून पाहण्याजोगे चाक नाही. मग त्यात काय पाहाल?" येथे वर्ग थबकेल. पाठाचा आरंभ येथूनच करावा.

विवरण पहिले : दुरुस्त केलेला म्हणजे काय?

बाजारात ज्यास 'रिफर्बिश्ड' म्हणतात, तो माल बहुतांशी कचेऱ्यांतून येतो. मोठ्या कंपन्या काही ठरावीक वर्षांनी संगणक एकदम बदलतात. त्यांचे चालू स्थितीतील मॉनिटर घाऊक विकले जातात. ते तपासून, बिघडलेला भाग बदलून, पुसून, काही मुदतीची हमी देऊन पुन्हा विकले जातात. मुंबईतील लॅमिंग्टन रोड व दिल्लीतील नेहरू प्लेस ही संगणकाच्या सामानाची प्रसिद्ध ठिकाणे आहेत.

नुसता वापरलेला मॉनिटर व दुरुस्त केलेला मॉनिटर एक नव्हेत. पहिला जसा आहे तसा विकला जातो. दुसऱ्याची तपासणी कोणीतरी केलेली असावी अशी अपेक्षा असते. ही अपेक्षा खरी किती, हे हमीच्या कागदावरून व बिलावरून कळते. दुकानदार 'ए ग्रेड', 'बी ग्रेड' असे शब्द वापरतात. परंतु या प्रतींचे सर्वांस बंधनकारक असे एकच माप नाही. एकाची 'ए' ती दुसऱ्याची 'बी' असू शकते.

विवरण दुसरे : मॉनिटरमध्ये काय झिजते?

आजच्या सपाट मॉनिटरमध्ये द्रवस्फटिकांचा पातळ थर असतो. १९२० × १०८० असे माप असलेल्या पडद्यावर २०,७३,६०० ठिपके असतात. प्रत्येक ठिपक्याचे तांबडा, हिरवा व निळा असे तीन भाग असतात. हा गुणाकार मुलांकडून करवून घ्यावा. या थराला स्वतःचा प्रकाश नसतो. मागे दिवा असतो व स्फटिक त्याचा प्रकाश कमीअधिक प्रमाणात पुढे सोडतात. जुन्या मॉनिटरांत हा दिवा बारीक नळीचा असे व त्या नळीत अल्प पारा असे. नव्या मॉनिटरांत एलईडी दिवे असतात.

हा दिवा हळूहळू मंदावतो. मूळ तेज निम्म्यावर येण्यास साधारणतः ३०,००० तास किंवा अधिक लागतात, असे निर्माते सांगतात. कचेरीत रोज ८ तास, वर्षाचे २५० दिवस याप्रमाणे ५ वर्षे वापरलेला मॉनिटर १०,००० तास चाललेला असतो. शाळेत रोज ४ तास, २२० दिवस धरल्यास वर्षास ८८० तास होतात. उरलेले २०,००० तास शाळेच्या वापराने २२ वर्षांहून अधिक पुरतील, असे कागदावर दिसते.

प्रत्यक्षात तसे घडत नाही, हे मुलांस अवश्य सांगावे. दिवा संपण्यापूर्वी बहुधा दुसरेच भाग दगा देतात. वीज पुरविणाऱ्या भागातील कपॅसिटर उष्णतेने फुगतात, बटणे बसतात, तारेची जोडणी सैल होते. साखळीचे बळ तिच्या सर्वांत दुबळ्या कडीइतकेच असते, हा नियम येथे लागू पडतो. फुगलेला कपॅसिटर बदलणे स्वस्त असते; परंतु तो बदलणारा कारागीर जवळ असावा लागतो. मॉनिटर उघडण्याचे काम मुलांनी किंवा शिक्षकांनी करू नये. प्लग काढल्यावरही आतील भागात काही काळ वीज साठून राहते.

विवरण तिसरे : वार्षिक खर्च

पुढील आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत. शिक्षकाने त्यांच्या जागी आपल्या गावातील प्रत्यक्ष दर घालावेत.

नवा मॉनिटर : किंमत ७,२०० रुपये, अपेक्षित वापर ८ वर्षे. वार्षिक खर्च ९०० रुपये.
दुरुस्त केलेला मॉनिटर : किंमत २,८०० रुपये. तो ४ वर्षे टिकल्यास वार्षिक खर्च ७०० रुपये. २ वर्षांतच बंद पडल्यास १,४०० रुपये.

म्हणजे तोच मॉनिटर एका बाबतीत स्वस्त व दुसऱ्या बाबतीत महाग ठरतो. तो किती वर्षे टिकला असता दोन्ही सौदे समान होतील? २,८०० ला ९०० ने भागले असता ३ वर्षे व सुमारे १ महिना असे उत्तर येते.

आता हिशेबात सुटलेल्या बाबी घालाव्यात. जुन्या मॉनिटरला बहुधा व्हीजीए किंवा डीव्हीआय जोडणी असते व नव्या संगणकाला एचडीएमआय. जोडणी बदलणारा तुकडा ३०० रुपयांचा धरल्यास किंमत ३,१०० होते. जुना मॉनिटर नळीच्या दिव्याचा असेल व नव्यापेक्षा १५ वॉट अधिक वीज घेत असेल, तर ८८० तासांत १३.२ युनिट जादा लागतील. युनिटला ८ रुपये धरल्यास सुमारे १०६ रुपये होतात. हे ९०० मधून वजा करून ३,१०० ला ७९४ ने भागावे. उत्तर ३.९ येते. समानतेची मुदत ३ वर्षांवरून जवळजवळ ४ वर्षांवर गेली. जुना मॉनिटर एलईडी दिव्याचा असेल, तर विजेतील फरक फारसा उरत नाही व ही मुदत सुमारे ३ वर्षे ५ महिने राहते. किरकोळ वाटणाऱ्या खर्चाने उत्तर कसे हलते, हे मुलांनी येथे पाहावे.

विवरण चौथे : पैसे देण्यापूर्वीची परीक्षा

दुरुस्त केलेला मॉनिटर दुकानात लावून, निदान अर्धा तास चालू ठेवून पाहावा. थंड असताना ठीक दिसणारा दोष तापल्यावर उघड होतो. क्रमाने पुढील गोष्टी तपासाव्यात.

१. पूर्ण पांढरा पडदा : कडेला पिवळसर झाक, डाग किंवा मंद कोपरे आहेत काय?
२. पूर्ण काळा पडदा : एखादा ठिपका सतत उजळलेला राहतो काय?
३. तांबडा, हिरवा, निळा : मृत ठिपके दिसतात काय?
४. जुन्या चित्राची पुसट सावली मागे राहिली आहे काय?
५. तार हलकेच हलविता चित्र लुप्त होते काय? सर्व बटणे चालतात काय? पाया डुगडुगतो काय?
६. मागील पट्टीवर निर्मितीचे साल कोणते?
७. बिलावर मॉनिटरचा अनुक्रमांक व हमीची मुदत लिहून मिळते काय?

यांपैकी सातवी बाब सर्वांत महत्त्वाची समजावी. तोंडी हमी ही हमी नव्हे. नव्या मॉनिटरचीही परीक्षा करावी. थोडे मृत ठिपके असल्यास तो बदलून मिळेलच असे नाही, कारण पुष्कळ निर्मात्यांच्या हमीत तशी सवलत ठेवलेली असते. विजेच्या दाबातील चढउताराने झालेला बिघाडही हमीत सहसा बसत नाही. म्हणून कोणताही मॉनिटर घेतला, तरी भूतारेची जोडणी नीट असणे अगत्याचे आहे.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून मुलांकडून पुढील निष्कर्ष काढवून घ्यावेत.

शाळेत तीन-चार मॉनिटर असून एक बंद पडला असता, कारागीर जवळ असता, प्रत्यक्ष तपासणी शक्य असता व निदान ६ महिन्यांची लेखी हमी मिळत असता दुरुस्त केलेला मॉनिटर घेणे शहाणपणाचे ठरते. तो मध्येच बंद पडला, तरी शाळेचे काम थांबत नाही. चालण्याजोगी वस्तू अधिक काळ वापरात राहते व कचरा कमी होतो, हा लाभ निराळाच.

याउलट शाळेत एकच मॉनिटर असेल, गाव तालुक्याच्या ठिकाणापासून दूर असेल, किंवा माल न पाहता मागवावा लागणार असेल, तर नवाच घ्यावा. अशा शाळेत मॉनिटर दोन महिने बंद राहिल्यास मुलांचे जे शिक्षण बुडते, त्याची रक्कम वरील भागाकारात कोठेच आलेली नाही. हिशेब अचूक असूनही निर्णय चुकू शकतो, तो अशा ठिकाणी. शासकीय अनुदानातून खरेदी करावयाची असेल, तर त्या अनुदानाचे खरेदीनियम आधी पाहावेत.

बंद पडलेला जुना मॉनिटर भंगारवाल्यास देऊ नये. ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले असून त्यान्वये पुनर्वापर करणाऱ्यांस व दुरुस्त करून विकणाऱ्यांसही नोंदणी करावी लागते. नळीच्या दिव्याच्या मॉनिटरमध्ये पारा असल्याने तो फोडणे धोक्याचे आहे.

उपयोजन

वर्गाचे दोन गट करावेत. एका गटाने नव्याची व दुसऱ्याने दुरुस्त केलेल्या मॉनिटरची बाजू मांडावी. नंतर गटांनी बाजू बदलाव्यात. शेवटी एका पानाचे टिपण तयार करून मुख्याध्यापकांकडे द्यावे. ते समितीच्या सभेत वाचले जाईल असे पाहावे. निर्णय समितीचाच राहील. तथापि आपला हिशेब वडीलधाऱ्यांनी ऐकून घेतला, हे पाहून मुलांस त्या हिशेबाची जबाबदारी कळते.

स्वाध्याय

१. नवा मॉनिटर ६,४०० रुपयांचा असून ८ वर्षे टिकतो. दुरुस्त केलेला २,४०० रुपयांचा आहे. तो किती वर्षे टिकल्यास दोन्ही सौदे समान होतील?
२. २० वॉटचा मॉनिटर ८८० तासांत किती युनिट वीज घेईल?
३. घरातील जुनी घेतलेली एखादी वस्तू निवडा. घेताना वडिलांनी किंवा आईने काय तपासले होते, ते विचारून पाच वाक्यांत लिहा.
४. "हमी तोंडी दिली तरी चालते", या म्हणण्यास उत्तर लिहा.