डबा नको, नातवाला आणा

सकाळचे अकरा वाजले होते. धुळे जिल्ह्यातल्या एका खेड्यात आम्ही अंगणवाडीत बसलो होतो. खिचडी शिजून तयार होती. मुले हात धुऊन ओळीने बसत होती. इतक्यात एक आजी डबा घेऊन दारात आली. म्हणाली, "बाई, मना नातूनी खिचडी द्या. तो आठे जेवस नही."

नातू बाहेर ओट्यावर बसला होता. हातात पोंग्यांचे पाकीट होते.

सेविका म्हणाली, "आजी, डबा राहू द्या. त्याला घेऊन तुम्हीच आत या."

आम्हाला हे पटले. कारण डबा घरी गेला म्हणजे काय होते? घरी चार तोंडे असतात. दोन घास थोरल्याला, दोन घास बहिणीला. कोणी वाईट नसते. पण ज्याच्या नावाने अन्न शिजले, त्याच्या पोटात थोडेच जाते. सहा महिने ते तीन वर्षांच्या बाळाचा आहार घरी न्यायचा असतो. तीन ते सहा वर्षांच्या मुलाने मात्र अंगणवाडीत बसून गरम जेवावे, अशी ही योजना आहे. ती २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली.

अंगणवाडी हे नाव आले कोठून? ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला लहान मुलांसाठी काम सुरू केले. १९५७ साली ते कोसबाडला गेले. आदिवासी मुले शाळेत येईनात. तेव्हा बाई शाळाच त्यांच्या अंगणात घेऊन गेल्या! मूल बुजले, तर आधी त्याची भीती घालवावी लागते. जेवणाचेही तसेच आहे.

आता त्या नातवाचे पाहू. तो का जेवत नव्हता? आजीने सांगितले, सकाळी उठल्याबरोबर चहा-बिस्किट, मग पोंगे. अहो, लहान मुलाचे पोट ते केवढे! चहाने ते भरते, भूक मरते. शिवाय चहामुळे अन्नातले लोह अंगी लागत नाही. म्हणून मुलाला चहा देऊच नका. सकाळी कळण्याची भाकरी दुधात कुस्करून द्या. केळी तर आपल्या जळगावचीच. रावेर-यावलकडे बागाच बागा. एक केळे पोंग्यांपेक्षा कितीतरी चांगले. अख्खे शेंगदाणे मात्र देऊ नका, घशात अडकतात. कूट करून द्या.

आपल्या खानदेशात तिखट सढळ हाताने पडते. पोराच्या वाट्याचे अन्न तिखट घालण्याआधीच बाजूला काढावे. तोंड भाजले की पोर ताट ढकलणारच. मग आपण म्हणतो, हट्टी आहे!

बळजबरी करू नका. नाक दाबून घास कोंबला, तर पोर ताटालाच भिते. आधी थोडेच वाढा. हवे तर पुन्हा वाढा. त्याच्या हाताने खाऊ द्या. सांडले तर सांडू द्या. शेजारचे पोर खाताना पाहिले म्हणजे तेही खाते. नवी भाजी पहिल्या दिवशी नको म्हटली, तरी आठ-दहा वेळा थोडी थोडी पुढे करावी. घरी त्याला काय आवडते, ते सेविकेला सांगा.

पाण्याचेही तसेच. वैशाखात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. खेळात दंग झालेले पोर पाणी मागत नाही. तास-दीड तासाने आपणच पेला पुढे करावा. पाणी झाकलेले असावे आणि ओगराळ्याने घ्यावे. हात बुडवू नये. लघवी गडद पिवळी दिसली, तर पाणी कमी पडते आहे असे समजा.

अंगणवाडीत मुलाचे वजन होते. वजन वाढत नसेल, किंवा खाणारे पोर एकाएकी खाईनासे होऊन मलूल पडले, तर लाड करीत बसू नका, दवाखान्यात न्या.

त्या दिवशी नातवाने आजीच्या मांडीवर बसून चार घास खाल्ले. आठ दिवसांनी आम्ही पुन्हा गेलो, तेव्हा तो ओळीत बसला होता. आजी दाराशी होती. त्याने खिचडी खाल्ली. गाजराचे तुकडे मात्र वेचून कडेला ठेवले. सेविका काही बोलली नाही. तिने पाण्याचा पेला पुढे केला. तो त्याने गटागटा पिऊन टाकला.