बधिर चट्टा आणि शेजाऱ्याची गोळी

थंडीचे दिवस होते. आमच्या घरामागे एक सालदार राहतो. त्याचे नाव मी लिहीत नाही. का, ते पुढे कळेल. एका संध्याकाळी तो माझ्या ओट्यावर बिडी ओढत बसला होता. पऱ्हाटीला बोंडे किती लागली, मजुरी किती चढली, असे बोलणे चालले होते. बिडी संपत संपत बोटांपर्यंत आली. कातडी जळल्याचा वास आला. तरी गडी आपला बोलतोच आहे! मी ओरडलो, "अरे, बोट भाजलं ना!"

त्याने हाताकडे पाहिले. म्हणाला, "मले काही समजलंच नाही, गुरुजी."

मी त्याला सदरा काढायला लावला. पाठीवर आणि दंडावर आठ-नऊ फिकट चट्टे होते. दोन वर्षांपासून आहेत म्हणे. खाजत नाहीत, दुखत नाहीत, म्हणून कोणाला दाखवले नाहीत. या रोगाची लबाडी हीच आहे. दुखले असते तर माणूस धावत दवाखान्यात गेला असता.

हा कुष्ठरोग. जुनी माणसे याला महारोग म्हणत. पूर्वजन्मीचे पाप आहे, देवीचा कोप आहे, असे सांगत. पण 1873 साली नॉर्वे देशातल्या हॅन्सेन नावाच्या डॉक्टरांनी रोग्याच्या शरीरातून घेतलेला नमुना सूक्ष्मदर्शक यंत्राखाली पाहिला. त्यात काडीसारखे बारीक जंतू दिसले. म्हणजे हा जंतूचा रोग ठरला. हा जंतू फार सावकाश वाढतो. आज अंगात शिरला, तर चट्टा दिसायला बहुधा पाच वर्षे लागतात, कधी वीसही लागतात. आणि बहुतेक माणसांच्या अंगात त्याला मारण्याची ताकद जन्मतःच असते. म्हणून हात लावल्याने, जवळ बसल्याने हा रोग झटकन होत नाही.

आता तुम्ही म्हणाल, जंतू सापडला, मग औषध लगेच का सापडले नाही? पुष्कळ रोगांचे जंतू काचेच्या बशीत वाढवता येतात. त्यावर औषध टाकून पाहता येते. हा जंतू बशीत वाढतच नाही, आजही वाढत नाही. 1960 साली अमेरिकेतले शेपर्ड यांनी तो उंदराच्या पायाच्या तळव्यात वाढवून दाखवला, तेव्हा कुठे परीक्षेला थोडी वाट मिळाली. तोवर औषधाची परीक्षा रोग्याच्या अंगावरच होत असे.

पूर्वी कडू कवठाच्या जातीच्या झाडाचे तेल सुईने टोचीत. ती सुई फार दुखे आणि गुण थोडा. 1941 साली अमेरिकेत कारव्हिल येथे प्रोमिन नावाचे औषध रोग्यांना देऊन पाहिले. त्याने जखमा भरू लागल्या. पुढे त्याच जातीची डॅप्सोनची स्वस्त गोळी आली. त्याच सुमारास, 1946 साली, आपल्या अमरावतीस डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी तपोवन उभारले. लोक त्यांना दाजीसाहेब म्हणत. ज्यांना घराने बाहेर काढले, गावाने वेशीबाहेर बसवले, त्यांना तिथे छप्पर मिळाले, काम मिळाले. शेजारच्या वर्धा जिल्ह्यात 1951 साली गांधी मेमोरियल लेप्रसी फाउंडेशन निघाले. तिथल्या डॉ. वर्देकरांनी दुसरी रीत घातली. रोग्याने दवाखाना शोधीत यायचे नाही, कार्यकर्त्याने घरोघर जाऊन चट्टा शोधायचा आणि घरीच औषध द्यायचे. आज आशाताई दारी येऊन "कुठं चट्टा आहे का?" असे विचारतात, ती याच रीतीची लेक आहे.

डॅप्सोनने पुष्कळ रोगी बरे झाले. पण एकच गोळी वर्षानुवर्षे देत राहिले, तेव्हा जंतू तिला सरावले. 1964 साली ही गोष्ट उंदरांवरच्या परीक्षेत पक्की झाली. एका बैलाने गाडा ओढेना, म्हणून आणखी जोडावे लागले. रिफॅम्पिसिन, क्लोफाझिमिन आणि डॅप्सोन अशी औषधे एकत्र द्यावीत, असे 1981 साली जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी ठरवले. आता पाचपर्यंत चट्टे असतील तर सहा महिने आणि त्याहून अधिक असतील तर बारा महिने औषध घ्यायचे. सरकारी दवाखान्यात ते फुकट मिळते. रिफॅम्पिसिन घेतले की लघवी लालसर होते. क्लोफाझिमिनने कातडी काळवंडते, औषध संपल्यावर हळूहळू रंग परत येतो. आमचा सालदार पहिल्याच दिवशी लाल लघवी पाहून घाबरला आणि पाकीट उकिरड्यावर टाकायला निघाला होता. बरे झाले, वाटेत मला भेटला.

इथवर त्याच्यापुरते झाले. पण त्याच्या बायकोचे काय, पोरांचे काय, शेजाऱ्यांचे काय?

ह्याची परीक्षा बांगलादेशात झाली. ती कशी केली ते नीट ऐका, कारण औषध खरे की खोटे हे कळायची हीच रीत आहे. हजाराहून अधिक नवे रोगी घेतले. त्यांच्या घरचे, शेजारचे, ओळखीचे असे सुमारे 21,700 निरोगी लोक मोजले. त्यांचे दोन गट पाडले. कोण कोणत्या गटात, हे चिठ्ठी टाकावी तसे ठरले. एका गटाला रिफॅम्पिसिनचा एकच डोस दिला. दुसऱ्याला दिसायला तशीच, पण आत औषध नसलेली गोळी दिली. घेणाऱ्यालाही माहीत नाही आणि देणाऱ्यालाही माहीत नाही की कोणती खरी! असे का करायचे? खरी गोळी मिळाली हे कळले तर माणूस उगीच म्हणतो, मला बरे वाटते. आणि तपासणारा डॉक्टरही नकळत तिकडेच झुकतो. मीसुद्धा शाळेत पेपर तपासताना नाव झाकून ठेवीत असे. हुशार पोराचा पेपर म्हटला की हात सैल सुटतो.

दोन वर्षांनी हिशेब केला. औषधाच्या गटात रोग 57 टक्क्यांनी कमी निघाला. म्हणजे पोकळ गोळीच्या गटात शंभर जणांना रोग झाला असे धरा, तर औषधाच्या गटात त्रेचाळीस जणांना झाला. 2008 साली हे छापून आले. आणखी एक गोष्ट दिसली. जवळच्या रक्ताच्या नात्यापेक्षा शेजारी-ओळखीच्यांत हा फायदा अधिक होता. आपल्या देशातही आता हा डोस देतात. दोन वर्षांखालील मुलांना आणि गरोदर बाईला देत नाहीत. क्षयाचे लक्षण असेल तर आधी तपासतात.

हे सगळे मी सालदाराला सांगितले. तो गप्प झाला. मग म्हणाला, "घरच्यायले द्या जी गोळी. पन शेजाऱ्यायले काहून सांगता? उद्या माह्या पोरीच्या हातचं पानी कोनी नाही पेनार."

त्याचे खोटे होते असे मी म्हणणार नाही. त्याच्या बोलण्यामागे शेकडो वर्षांचा अनुभव आहे. 2019 पर्यंत कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण म्हणून आपल्या कायद्यातही होते. मी त्याला एवढेच म्हटले की तुझ्या मर्जीशिवाय तुझे नाव कोणी घेणार नाही. आशाताईंनीही तोच शब्द दिला. त्या दिवशी घरच्या चौघांनी गोळ्या घेतल्या आणि गोष्ट तिथेच थांबली.

तीन महिने गेले. चट्ट्यांचा रंग पालटू लागला. बोटाची जखम भरली, पण बोट अजून बधिरच आहे. मेलेली नस औषधाने परत येत नाही. आता तो बिडी लांब धरतो आणि चुलीवरचे भांडे फडक्याने उचलतो. रोज रात्री हात-पाय कंदिलापाशी नेऊन पाहतो, कुठे फोड आला का.

परवा शेजारच्या घरातला सात वर्षांचा पोरगा त्याच्या मांडीवर बसून भुईमुगाच्या शेंगा खात होता. सालदार बराच वेळ त्या पोराच्या उघड्या पाठीकडे पाहत राहिला. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "गुरुजी, आशाताई केव्हा येनार हाय? याच्या मायले मीच सांगतो."

गुरुवारी आशाताई आल्या. तो त्यांच्याबरोबर सहा घरे फिरला. पाच घरांनी गोळ्या घेतल्या. सहाव्या घराने दार लावून घेतले. तिथे पुढच्या आठवड्यात मी जाणार आहे.