शेवटचे भोक का सरकते?

प्रश्न : माझ्याकडे लेथ आहे, डिव्हायडिंग हेड नाही. फ्लँजवर 120 मिमी पीसीडीवर 8 भोके पाडायची आहेत. डिव्हायडरने आखत गेलो की शेवटचे भोक दरवेळी सरकते. काय करावे?

उत्तर : दोष तुमच्या हाताचा नाही, पद्धतीचा आहे. एका पावलात 0.1 मिमी चूक झाली, तर आठव्या पावलाला ती जवळपास 0.8 मिमी होते. म्हणून एकामागून एक पावले टाकू नका, वर्तुळ निम्मे-निम्मे करत जा.

जॉब चकमध्येच ठेवा. फेस साफ करून मोरचूदाचे पाणी लावा. टोकदार टूल बरोबर सेंटरच्या उंचीवर बांधा. चक फिरवून पीसीडीची बारीक रेघ काढा. मग मेन स्विच बंद करा, चक हलू देऊ नका आणि क्रॉस स्लाइडने तेच टूल फेसवरून आरपार ओढा. हा झाला व्यास. वर्तुळावर समोरासमोरचे दोन बिंदू मिळाले.

दोन भोकांमधले सरळ अंतर = पीसीडी × साइन (180 ÷ भोकांची संख्या). चार भागांसाठी 84.85 मिमी, आठांसाठी 45.92 मिमी. आधी व्यासाच्या दोन्ही टोकांवरून 84.85 चे कंस मारा, मग चारही बिंदूंवरून 45.92 चे.

पंचाचे टोक रेघांच्या छेदावर हलकेच सरकवा; ते खाचेत बसलेले बोटांना कळते. हलका ठोका द्या, आठही अंतरे तपासा, मगच सेंटर ड्रिल लावा. ठोका खोल गेला की चूक सुधारणे अवघड होते.