क्षयाचा जिवाणू चमकतो तेव्हा…



हळदीच्या कागदाचा प्रयोग आपण वर्गात घेतोच. साबणाचं पाणी लागलं की पिवळा कागद लाल होतो. पाणी कसं आहे, ते कागदच सांगतो. आता विचार करा, क्षयरोगाचा जिवाणूच असा कागद झाला तर?

हे खरंच झालंय. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात शुमिन टॅन, डेव्हिड रसेल आणि सहकाऱ्यांनी असा जिवाणू तयार केला. त्यांचं संशोधन २०१३ मध्ये प्रसिद्ध झालं.

कसं केलं? सोप्या भाषेत समजून घेऊया. क्षयाचा जिवाणू फुप्फुसात शिरला की मॅक्रोफेज नावाच्या संरक्षक पेशी त्याला गिळतात आणि एका सूक्ष्म पिशवीत कोंडतात. पेशी जोमात असेल तर पिशवीत आम्ल आणि क्लोराइड वाढतं. हे जाणवलं की जिवाणू स्वतःची काही जनुकं चालू करतो. शास्त्रज्ञांनी त्यातल्या एका जनुकाचा ‘स्विच’ घेतला आणि त्याला हिरव्या चमकणाऱ्या प्रथिनाचं जनुक जोडलं. हे प्रथिन मूळचं जेलीफिशमधलं. आता आम्ल, क्लोराइड वाढलं की जिवाणू सूक्ष्मदर्शकाखाली हिरवा चमकतो. प्रतिकारशक्ती चांगली असलेल्या उंदरांत तो जास्त चमकला, कमजोर असलेल्यांत कमी.

अशा चमकणाऱ्या जिवाणूंमुळे आणखी एक गोष्ट दिसली. एकाच फुप्फुसातले सगळे जिवाणू सारखे चमकत नाहीत. म्हणजे प्रत्येकाची परिस्थिती वेगळी. कुणी भराभर वाढतो, तर कुणी आम्लात सावकाश दिवस काढतो. अशा सुस्त जिवाणूंवर औषध हळू काम करतं.

हे मी का सांगतोय? मागे माझ्या वर्गातली एक मुलगी म्हणाली, “सर, पप्पांचा खोकला गेला, त्यांनी गोळ्या बंद केल्या.” दोनच महिने झाले होते. “असं करू नये” एवढंच मी तेव्हा बोललो. का करू नये, ते मला नीट सांगता आलं नाही.

आज सांगेन. खोकला थांबला म्हणजे बरेच जिवाणू मेले, सगळे नाही. उरलेले सुस्त जिवाणू गोळ्या थांबल्या की पुन्हा वाढू शकतात, औषधाला दादही देईनासे होऊ शकतात. म्हणून नेहमीच्या क्षयाचे उपचारही साधारण सहा महिने चालतात.

हळदीचा प्रयोग घ्याल तेव्हा ही गोष्ट मुलांना जरूर सांगा. मुलं घरी जाऊन बोलतात. गोळ्या कधी थांबवायच्या ते डॉक्टर ठरवतील, खोकला नाही!