चारा कापणी यंत्राची ओळख – लहान प्रतिकृतीवरून



अमेरिकेतील आयोवा राज्यात डायर्सव्हिल येथे शेती खेळण्यांचे राष्ट्रीय संग्रहालय आहे. याच राज्यातील डुब्यूक येथे फ्रेड अर्टल यांनी 1945 मध्ये धातूचे खेळण्यातील ट्रॅक्टर बनविण्यास सुरुवात केली. ट्रॅक्टरबरोबरच चारा कापणी यंत्राच्या प्रतिकृतीही हौशी लोक जमवितात.

प्रतिकृतीवर 1:16, 1:32 असे प्रमाण असते. 1:32 म्हणजे प्रतिकृतीतील 1 सें.मी. हे खऱ्या यंत्रातील 32 सें.मी. होय. प्रतिकृती 25 सें.मी. लांब असल्यास खरे यंत्र 8 मीटर भरते.

यंत्राचा पुढील भाग उभा मका कापून आत देतो. वरची वाकडी नळी कुट्टी ट्रॉलीत फेकते. एवढे खेळण्यात दिसते; मुख्य काम मात्र यंत्राच्या पोटात चालते. तेथे रोलर चारा दाबून आत ओढतात आणि फिरत्या ढोलावरील पाती स्थिर पात्याच्या धारेवर त्याचे तुकडे करतात.

कुट्टीची लांबी कशी काढावी?

समजा, रोलर मिनिटाला 30 मीटर चारा ओढतात. ढोलावर 4 पाती असून तो मिनिटाला 500 फेरे घेतो. म्हणजे मिनिटाला 2000 काप होतात. 3000 सें.मी. भागिले 2000, म्हणजे कुट्टी 1.5 सें.मी. मुरघासासाठी 1 ते 2 सें.मी. कुट्टी योग्य, ती खड्ड्यात चांगली दाबली जाते व हवा निघून जाते. रोलरचा वेग निम्मा केल्यास कुट्टीही निम्मी होते. पाती बोथट झाल्यास चारा चिरडतो व इंधन जास्त लागते.

हात सांभाळा

हाच हिशेब पुन्हा पहा. मिनिटाला 30 मीटर म्हणजे अर्ध्या सेकंदात 25 सें.मी. चाऱ्याबरोबर बोटे सापडली, तर हात मागे घेण्यास वेळच मिळत नाही. आपल्या गोठ्यातील कडबाकुट्टी यंत्रही याच तत्त्वावर चालते. म्हणून :

1. अडकलेला चारा चालू यंत्रात हाताने किंवा काठीने ढकलू नये.
2. प्रथम इंजिन किंवा मोटार बंद करावी. ट्रॅक्टरची किल्ली स्वतःच्या खिशात ठेवावी.
3. जड ढोल यंत्र बंद केल्यावरही काही वेळ फिरत राहतो. तो पूर्ण थांबल्याशिवाय झाकण उघडू नये.
4. सैल बाह्या, पदर, उपरणे आवरून घ्यावे.

मुलांना यंत्राचे आकर्षण असतेच. त्यांच्या हाती खेळणे जरूर द्यावे. चालू यंत्राजवळ मात्र त्यांना फिरकू देऊ नये.